पहिल्या हंगामाची साक्ष

१२ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री ओटावा येथे, टोरोंटोच्या मेपल लीफ्स संघाकडून नॅशनल हॉकी लीगमधील आपला पहिलाच सामना खेळावयास उतरलेल्या ऑस्टन मॅथ्यूज नावाच्या एकोणीस वर्षांच्या तरुणाने पहिल्या दोन सत्रांतच प्रतिपक्षाच्या जाळ्यात चार गोल घातले, आणि लीगच्या आधुनिक काळात पदार्पणाच्या सामन्यात असा पराक्रम कोणाच्याही हातून घडलेला नसल्यामुळे, १९६७ पासून अजिंक्यपदाला पारख्या झालेल्या टोरोंटोच्या चाहत्यांना त्या एका रात्रीत आपले सारे दैन्य फिटल्यासारखे वाटले. परंतु तो सामना टोरोंटोने पाच विरुद्ध चार असा गमावला. आणि जादा वेळेतील ज्या गोलामुळे गमावला, तो करणाऱ्या खेळाडूवर पहारा ठेवण्याचे काम त्या क्षणी मॅथ्यूजकडेच होते, हे त्याने स्वतःच सामन्यानंतर कबूल केले. त्याने केलेले चार गोल खरे, आणि त्याच्या हातून निसटलेला पाचवाही तितकाच खरा. पुढील कित्येक आठवडे चाहते चारांविषयी बोलत राहिले. पाचव्याची आठवण ठेवणारे थोडेच होते, आणि नवोदिताची पारख ज्यांच्याकडून शिकावी असे मला वाटते ते हेच थोडे लोक होत.

मराठी वाचकाच्या मनात हॉकी म्हटले की ध्यानचंद आणि हिरवळ उभी राहते, म्हणून आरंभीच सांगावयास हवे की प्रस्तुत विवेचन कॅनडा व अमेरिका या देशांतील बर्फावरच्या हॉकीविषयी आहे. पायांत पात्यांचे बूट, हातात लांब काठी, चेंडूच्या ठिकाणी कडक रबराची चपटी चकती, जिला पक म्हणतात; एका वेळी प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू, वीस-वीस मिनिटांची तीन सत्रे, आणि पाऊण-एक मिनिट जीव तोडून धावल्यावर बाकावर येऊन बसावयाचे व ताज्या दमाच्या गड्याने आत जावयाचे, अशी अखंड अदलाबदल. बत्तीस संघांच्या या लीगमध्ये ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत प्रत्येक संघ गेली अनेक वर्षे ८२ साखळी सामने खेळत आला आहे. कॅनडात हा खेळ केवळ मूळच्या गोऱ्या वस्तीचा राहिलेला नाही. २००८ पासून तेथे त्याचे पंजाबी भाषेत समालोचनही होते, आणि टोरोंटोच्या आसपास वाढणारी आपल्याकडची मुले क्रिकेटच्या बॅटीइतक्याच सहजतेने हॉकीची काठी हाती धरतात.

दर वर्षी हंगामाच्या आरंभी कोठल्या ना कोठल्या शहरात एखादा नवोदित खेळाडू पहिल्या वीस-पंचवीस सामन्यांत डोळे दिपवील असे काही करून दाखवितो, आणि त्या शहरातील चाहत्यांत तट पडतात. एक पक्ष म्हणतो, ज्याची वाट पाहत होतो तो आला. दुसरा, पूर्वी अनेकदा पोळलेला, म्हणतो, थांबा, दुसरा हंगाम तर येऊ द्या. या दोन्ही पक्षांच्या वादाचे कागद तीस-चाळीस वर्षांच्या अवधीतले एकत्र मांडून पाहिले तर माझ्या मते दोघेही एकाच ठिकाणी चुकतात. पहिल्या हंगामातील यश हा पुरावा आहे, यात शंका नाही. परंतु तो नेमका कशाचा पुरावा आहे, हा प्रश्न विचारण्यापूर्वीच निकालपत्र लिहावयास घेतले जाते. गोल हा कर्तृत्वाचा पुरावा असू शकतो, तसाच तो वयाचा, संगतीचा, प्रशिक्षकाने दिलेल्या संधीचा आणि निव्वळ दैवाचाही असू शकतो. आणि पक जाळ्यात गेल्यावर लागणारा लाल दिवा या पाचांत भेद करीत नाही.

नवोदित कोणास म्हणावे, येथूनच हा वाद सुरू होतो. लीगचे पहिले अध्यक्ष फ्रँक कॅल्डर यांनी १९३६-३७ च्या हंगामापासून सर्वोत्तम नवोदिताला दर वर्षी एक चषक देण्यास आरंभ केला, आणि १९४३ मध्ये त्यांच्या निधनानंतर तो कॅल्डर स्मृतिचषक म्हणून कायम झाला. हॉकीविषयी लिहिणारे व्यावसायिक पत्रकार मतदानाने त्याचा मानकरी ठरवितात. १९७९-८० मध्ये वेन ग्रेट्झ्की याने या लीगमधील पहिल्याच हंगामात १३७ गुण मिळविले (गोल व गोलास केलेले साहाय्य, दोहोंचा प्रत्येकी एक गुण धरतात), परंतु तो त्यापूर्वी एका प्रतिस्पर्धी व्यावसायिक लीगमध्ये खेळलेला असल्याने त्याला नवोदित मानण्यात आले नाही. उलट दहा वर्षांनी सर्गेई माकारोव्ह हा सोव्हिएत संघाचा कसलेला, सर्व जगाला ठाऊक असलेला खेळाडू वयाच्या एकतिसाव्या वर्षी कॅल्गरीकडून खेळावयास आला आणि ८६ गुण मिळवून नवोदितांचा चषक घेऊन गेला. त्यावरून एवढा असंतोष माजला की, हंगामाच्या १५ सप्टेंबरपर्यंत ज्याला सव्वीस वर्षे पूर्ण झाली असतील तो नवोदित नव्हे, असा नियम करणे भाग पडले.

नियम झाला, परंतु वयाचा प्रश्न त्याने मिटला नाही, आणि चाहत्यांच्या हिशेबात सर्वांत जास्त दुर्लक्षिला जाणारा रकानाही हाच आहे. २००५-०६ चा हंगाम आठवावा. आधीचे सबंध वर्ष मालक व खेळाडू यांच्यातील तंट्यामुळे बुडाले होते. त्यामुळे २००४ च्या वार्षिक निवडीत (संघ पाळीपाळीने नवे तरुण खेळाडू आपापल्याकडे घेतात ती) अग्रक्रमाने घेतलेला अलेक्झांडर ओव्हेच्किन आणि २००५ चा अग्रक्रमी सिडनी क्रॉसबी हे दोघेही एकाच वेळी लीगमध्ये उतरले. ओव्हेच्किनने ५२ गोलांसह १०६ गुण केले, क्रॉसबीने १०२. चषक ओव्हेच्किनला गेला, आणि दोघांच्याही शहरांतील चाहते त्या चार गुणांवरून वर्षभर भांडले. वस्तुतः क्रॉसबी त्या वेळी नुकता अठरा वर्षांचा झाला होता आणि ओव्हेच्किन त्याहून जवळजवळ दोन वर्षांनी मोठा असून रशियातील प्रौढ लीगमध्ये काही हंगाम खेळून तावूनसुलाखून निघालेला होता. अठरा आणि वीस यांमधील अंतर पंचवीस आणि सत्तावीस यांमधील अंतराएवढे नसते. त्या दोन वर्षांत मुलाच्या मांड्या भरतात, खांदे रुंदावतात, आणि रिंगणाच्या कडेच्या फळीवर दाबून धरणाऱ्या शंभर किलोच्या बचावपटूला परत ढकलण्याची ताकद अंगी येते. मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा; दोन दिवस आधी जन्मता तर तो वर्षभर आधीच्या निवडीस पात्र ठरला असता. त्या दोन दिवसांमुळे मिळालेले वर्ष त्याने झुरिकच्या संघाकडून स्वित्झर्लंडच्या प्रौढ लीगमध्ये खेळण्यात घालविले, आणि ओटावाच्या त्या चार गोलांमागे झुरिकमधील एक संपूर्ण हिवाळा उभा होता.

वयाइतकेच महत्त्व संगतीला. २०१५-१६ मध्ये शिकागोचा आर्तेमी पानारिन ७७ गुणांसह कॅल्डरचा मानकरी ठरला. तो चोवीस वर्षांचा होता, रशियातील अव्वल लीगमध्ये कैक वर्षे खेळलेला होता, आणि त्याच्या आघाडीच्या फळीच्या दुसऱ्या टोकाला पॅट्रिक केन होता, ज्याने त्याच हंगामात १०६ गुणांसह लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. त्याच वर्षी एडमंटनच्या कॉनर मॅकडेव्हिडचे गळ्याचे हाड नोव्हेंबरात मोडले. ४५ सामन्यांत त्याने ४८ गुण मिळविले, मतदानात तो मागे पडला, आणि दुसऱ्याच हंगामात बरोबर शंभर गुण मिळवून सर्व लीगमध्ये अग्रेसर ठरला. पानारिनचे कर्तृत्व कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. पुढे केनपासून दूर, दुसऱ्या शहरांत जाऊनही तो उत्कृष्टच खेळला, आणि त्याच्या पहिल्या हंगामाची साक्ष खरी होती याचा भक्कम दाखला हाच. माझे म्हणणे इतकेच की पहिल्या वर्षाअखेर हा दाखला कोणाच्याही हाती नव्हता. कोणत्या फळीत कोणाबरोबर खेळतो, प्रतिपक्षाचा गडी शिक्षा भोगावयास बाहेर बसला असता, म्हणजे पॉवर प्लेच्या वेळी, त्याला बर्फावर पाठवितात की नाही, आणि प्रशिक्षक त्याला प्रतिपक्षाच्या दुबळ्या जोडीपुढे सोडतो की बलिष्ठ जोडीपुढे, या तीन गोष्टी ठाऊक नसताना केवळ गुणसंख्या सांगणे म्हणजे जमिनीचा मगदूर न सांगता पिकाचा उतारा सांगण्यासारखे आहे.

आता दैव. हा विषय नाजूक आहे, कारण आवडत्या मुलाच्या यशात दैवाचा वाटा होता असे कोणी म्हटले की चाहत्याला तो अपमान वाटतो. परंतु हॉकीत पक लहान, काठ्या अनेक, जाळ्यासमोर गर्दी, आणि कोणाच्या बुटाला लागून कोणाच्या खाती गोल जमा होईल याचा नेम नाही. सर्वसाधारण हिशेबाने जाळ्याच्या रोखाने मारलेल्या दहा फटक्यांतून एखादाच आत जातो. फिनलंडहून विनिपेगला आलेल्या पॅट्रिक लाइनेने २०१६-१७ च्या पहिल्या हंगामात ३६ गोल केले आणि दुसऱ्यात ४४, त्या वेळी त्याच्या शंभर फटक्यांतून सतरा-अठरा गोल होत होते. विनिपेगमध्ये त्याच्या भवितव्याविषयी जे बोलले गेले, त्यात अतिशयोक्ती कमी आणि साधे गणित जास्त होते: अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी इतके, तर पंचविसाव्या वर्षी किती? तिसऱ्या हंगामात त्याने ३० गोल केले, आणि त्यांतले १८ एकट्या नोव्हेंबर महिन्यात, पैकी पाच तर सेंट लुईसविरुद्धच्या एकाच सामन्यात. उरलेल्या पाच-सहा महिन्यांच्या वाट्यास बारा आले. त्याचा फटका खोटा नव्हता, आजही तो पाहण्यासारखा आहे. परंतु त्या दोन वर्षांत त्याच्या खाती जे जमा झाले, त्यात काही उचल होती, आणि पुढील वर्षांनी ती वळती करून घेतली.

पदार्पणाच्या सामन्यात तीन गोल करणाऱ्यांची यादी या दृष्टीने चाळण्यासारखी आहे. जानेवारी १९४३ मध्ये माँट्रियलच्या अॅलेक्स स्मार्टने तो मान प्रथम मिळविला. या लीगमध्ये तो एकंदर आठच सामने खेळला. २००८ मध्ये डलसच्या फाबियान ब्रुनस्ट्रोमने तेच केले, आणि त्याचीही कारकीर्द शंभर-सव्वाशे सामन्यांच्या आतच आटोपली. एका रात्रीची साक्ष कितीही ठसठशीत असली तरी ती एका रात्रीचीच असते.

परंतु सर्वांत जास्त फसगत होते ती गोलरक्षकांच्या बाबतीत. २०१५ च्या फेब्रुवारीत ओटावाचे दोन्ही नेहमीचे गोलरक्षक जायबंदी झाले, आणि कोणत्याही संघाने निवडीत न घेतलेला, मायनर लीगमध्येही सामान्य कामगिरी करणारा अँड्र्यू हॅमंड नावाचा सत्तावीस वर्षांचा गृहस्थ नाइलाजाने जाळ्यासमोर उभा करण्यात आला. पुढील दोन महिन्यांत त्याने जे केले ते आजही वाचताना खरे वाटत नाही: वीस विजय, नियमित वेळेतील एकच पराभव, आणि जादा वेळेतील दोन, आरंभीच्या सलग बारा सामन्यांत एकदाही दोनांहून अधिक गोल नाहीत, म्हणजे १९३८-३९ सालच्या फ्रँक ब्रिमसेकच्या विक्रमाशी बरोबरी. गुणतक्त्यात बाद फेरीच्या उंबरठ्यापासून चौदा गुणांनी मागे असलेला संघ बाद फेरीत पोहोचला. त्याचे टोपणनाव हॅम्बर्गरच्या एका जाहिरातीतील चोरावरून पडलेले असल्याने चाहते विजयानंतर बर्फावर हॅम्बर्गर फेकू लागले. बाद फेरीत दोन सामन्यांनंतर त्याच्या जागी जुना गोलरक्षक परत आला. तीन वर्षांचा करार झाला, पण ते दोन महिने पुन्हा कधी आले नाहीत.

हॅमंडला अपवाद म्हणून सोडून देता येईल, परंतु स्टीव्ह मेसनला तसे सोडता येत नाही. २००८-०९ मध्ये कोलंबसच्या या वीस वर्षांच्या गोलरक्षकाने दहा सामन्यांत प्रतिपक्षास एकही गोल करू दिला नाही, आपल्या संघाला त्याच्या इतिहासात प्रथमच बाद फेरीत नेले, आणि कॅल्डर चषक मिळविला. दुसऱ्या हंगामात दर सामन्यामागे त्याच्यावर होणारे गोल सव्वादोनांवरून तिनांच्या वर गेले. त्यापूर्वी बॉस्टनच्या अँड्र्यू रेक्रॉफ्टने २००४ चा कॅल्डर घेतला होता. दोन वर्षांनी बॉस्टनने त्याला टोरोंटोला देऊन बदल्यात तुका रास्क नावाच्या, लीगमध्ये एकही सामना न खेळलेल्या फिनिश मुलाचे हक्क घेतले, आणि तो रास्क पुढे लीगचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरला. गोलरक्षकांच्या या घसरणीची कारणे शोधू गेल्यास मला दोन दिसतात. गोलरक्षकाचे यश त्याच्यासमोरील पाच जणांच्या शिस्तीवर अवलंबून असते, हे एक. आणि दुसरे असे की पहिल्या हंगामात त्याच्याविषयीचे दप्तर प्रतिपक्षापाशी नसते. तो कोणत्या बाजूला आधी झुकतो, हातमोज्याच्या वर मारलेला फटका त्याला जड जातो काय, गुडघ्यांवर बसण्याची घाई करतो काय, हे सारे टिपून ठेवावयास इतर संघांच्या लोकांना एक वर्ष लागते. आणि दुसऱ्या वर्षी प्रत्येक जण ते दप्तर वाचूनच येतो.

तथापि या सावधगिरीलाही एक जबाब आहे, आणि तो न नोंदविणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९७१ च्या मार्चमध्ये माँट्रियलने मॅगिल विद्यापीठात कायद्याचा अभ्यास करणाऱ्या केन ड्रायडन या तेवीस वर्षांच्या गोलरक्षकाला वर बोलाविले. त्याला सहाच साखळी सामने मिळाले व सहाही त्याने जिंकले; तेवढ्यावर प्रशिक्षकाने बाद फेरीसाठी त्यालाच जाळ्यासमोर उभे केले, आणि समोर होता बॉस्टनचा संघ, ज्याने त्या हंगामात ३९९ गोल करून विक्रम केला होता. माँट्रियलने सातव्या सामन्यात बॉस्टनला हरविले, पुढे अजिंक्यपदही मिळविले, ड्रायडन बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि नवोदितांचा चषक त्याला त्यानंतरच्या वर्षी मिळाला. सहा सामन्यांवर विसंबणारा प्रशिक्षक कोणत्याही हिशेबाने चुकीचा होता; आणि तरी तो बरोबर होता, कारण त्याने सामन्यांचा निकाल न पाहता गोलरक्षक पाहिला.

त्याच माँट्रियलमध्ये त्याच उन्हाळ्यात जे घडले, ते या संपूर्ण प्रश्नातील मला सर्वांत अधिक अस्वस्थ करणारे प्रकरण आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. जाँ बेलिव्हो या शहराच्या लाडक्या कर्णधाराने १९७१ चे अजिंक्यपद मिळवून निवृत्ती घेतली, आणि त्याच जूनमध्ये निवडीतील अग्रक्रमाने माँट्रियलने गी लाफ्लर या क्वेबेकच्याच फ्रेंचभाषक मुलाला घेतले, ज्याने ज्युनियर हॉकीतील शेवटच्या हंगामात १३० गोल केले होते. वारस जणू ठरलेलाच होता. लाफ्लरने पहिल्या हंगामात २९ गोलांसह ६४ गुण केले. कोणत्याही इतर शहरात, कोणत्याही इतर मुलाचे, वीस वर्षांच्या वयात एवढे गुण पाहून पेढे वाटले गेले असते. परंतु त्याच निवडीत दुसरा आलेला मार्सेल डिऑन डेट्रॉइटकडून ७७ गुण करून बसला होता, तेव्हा माँट्रियलमध्ये कुजबूज सुरू झाली. दुसऱ्या हंगामात ५५ गुण, तिसऱ्यात ५६. आता ती कुजबूज राहिली नाही. शिरस्त्राण घालून, जपून, कोणाचा रोष होऊ नये अशा बेताने खेळणारा तो मुलगा पाहून, निवड चुकली असे म्हणणारे चाहते तीन हंगामांच्या आकड्यांचा आधार घेत होते, आणि आकडे खोटे नव्हते. १९७४-७५ च्या हंगामात लाफ्लरने शिरस्त्राण काढून ठेवले. त्या हंगामात त्याने ५३ गोल व ११९ गुण केले; तेथून सलग सहा हंगाम त्याचे गोल पन्नासांच्या व गुण शंभरांच्या खाली आले नाहीत, आणि मोकळे केस मागे उडवीत उजव्या बाजूने वाऱ्यासारखा जाणारा तो खेळाडू पाहण्यासाठी तेच चाहते आसनावरून उठून उभे राहू लागले.

शिरस्त्राणाने खेळ बदलला असे मी म्हणणार नाही. परंतु तीन वर्षे लाफ्लर काय नव्हता हे मोजण्यात शहराने घालविली, आणि तो काय होता, त्याच्या पायांत कोणता वेग होता व तो कोणत्या भीतीने आवरलेला होता, हे पाहावयास फारच थोड्यांना सवड झाली, याचे मला दुःख वाटते. ज्यांनी सराव पाहिले होते, त्यांना वेग दिसत होता. बाकीच्यांना फलक दिसत होता.

बॉस्टनमध्ये १९९७-९८ साली तर एकाच संघात दोन्ही बाजू एकत्र पाहावयास मिळाल्या. अग्रक्रमाने निवडलेला जो थॉर्नटन ५५ सामन्यांत तीन गोल व चार साहाय्ये, एकूण सात गुण. आणि त्याच निवडीत आठव्या क्रमांकाने आलेला सर्गेई सॅमसोनॉव्ह ४७ गुण व कॅल्डर चषक. थॉर्नटनचा आरंभीच हात मोडला होता, आणि पॅट बर्न्स या कडक प्रशिक्षकाने त्याला बर्फावर फार थोडी मिनिटे दिली. सॅमसोनॉव्ह चांगला खेळाडू होता आणि चांगलाच राहिला. त्याच्या कारकिर्दीची बेरीज ५७१ गुणांवर थांबली. थॉर्नटनची १,५३९ वर. कोलोरॅडोच्या नेथन मॅकिननचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे: पहिल्या हंगामात ६३ गुण व कॅल्डर, मग तीन वर्षे ३८, ५२, ५३, आणि ज्या वेळी डेन्व्हरमधील कित्येकांनी त्याला साधारण दर्जाचा म्हणून मनातल्या मनात नोंदून टाकले होते, त्या वेळी, २०१७-१८ मध्ये, ९७. म्हणजे पहिल्या हंगामाची साक्ष खरीच होती. मधल्या तीन वर्षांची खोटी होती.

संघांचे मालक व व्यवस्थापक या प्रश्नाकडे चाहत्यांहून निराळ्या नजरेने पाहतात, आणि त्यांच्या हिताचे गणित चाहत्यांनी स्वतःचे समजू नये. अठरा वा एकोणीस वर्षांच्या खेळाडूचा तीन वर्षांचा प्रवेश-करार त्याने हंगामात दहावा सामना खेळल्यावाचून सुरू होत नाही. म्हणून नऊ सामने खेळवून मुलाला ज्युनियर संघाकडे परत पाठविण्याचा प्रघात आहे, आणि नवव्या सामन्यानंतर शहरात जी चर्चा माजते ती बव्हंशी खेळाविषयी नसून कराराच्या मुदतीविषयी असते. १९९३ मध्ये ओटावाने अग्रक्रमाने घेतलेल्या अलेक्झांड्र डेगला पाच वर्षांसाठी सव्वाबारा दशलक्ष डॉलर देऊ केले, तेही त्याने एकही सामना खेळण्यापूर्वी. त्याचे पहिल्या हंगामातील ५१ गुण आज पाहिले तर लाजिरवाणे मुळीच नाहीत, परंतु त्या रकमेपुढे ते नेहमीच अपुरे दिसले; त्याच निवडीत दुसरा आलेला ख्रिस प्राँगर सर्वश्रेष्ठ बचावपटूंत गणला गेला; आणि १९९५ च्या करारनाम्यात नवोदितांच्या वेतनावर मर्यादा घालण्यामागे डेगचे प्रकरण हे एक मुख्य कारण होते.

मग चाहत्याने पाहावे तरी काय? अलीकडे फटक्यांची मोजदाद करण्याची एक पद्धत रूढ झाली आहे, जी बफेलोचे एके काळचे गोलरक्षक-प्रशिक्षक जिम कॉर्सी यांच्या नावाने ओळखली जाते: खेळाडू बर्फावर असताना दोन्ही बाजूंनी झालेले सर्व फटके, जाळ्यावर आलेले, बाजूने गेलेले, मध्येच अडविलेले, असे सारे मोजावयाचे, आणि त्यांत आपल्या बाजूचा वाटा किती ते पाहावयाचे. गोलांच्या मानाने फटके संख्येने पुष्कळ असल्याने त्यांत दैवाचा हात कमी चालतो, आणि ज्या मुलाचे गोल आटले आहेत पण त्याच्या पाळीत पक सतत प्रतिपक्षाच्याच टोकाला असतो, त्याच्याविषयी निश्चिंत राहण्यास हा आधार पुरतो. मी या पद्धतीचा आदर करतो. परंतु माझी स्वतःची नजर, सामना पाहताना, पक नसलेल्या खेळाडूवर अधिक खिळते. पक गमावल्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांत तो काय करतो. मागे वळून धावतो की हात पसरून पंचाकडे पाहतो? फळीवरची टक्कर घेऊन पास देतो की टक्कर चुकविण्यासाठी आधीच पक सोडून देतो? फेब्रुवारीत, ज्युनियर वा विद्यापीठाच्या मुलाने आयुष्यात कधी खेळले नाहीत इतके सामने अंगावर पडले असता, तिसऱ्या सत्रात त्याचे पाय कसे चालतात? शरीर थकल्यावरही जे उरते त्याला सवय म्हणतात, आणि पुढील वर्षी प्रतिपक्ष दप्तर घेऊन आला तरी सवय चोरता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी आकड्यांत बसत नाही. हा नवोदित बहुधा अठरा-एकोणीस वर्षांचा, घरापासून दूर, पुष्कळदा एखाद्या वयस्क सहकाऱ्याच्या कुटुंबात राहणारा मुलगा असतो. क्रॉसबी पिट्सबर्गमध्ये संघमालक मारिओ लेम्यूच्या घरी राहिला, तो उगीच नव्हे. वीस हजार लोक एकदम नाराज झाले की ते त्याला ऐकू येते. चाहत्यांना मत असण्याचा अधिकार आहे, त्यांनी तिकिटाचे दाम मोजलेले असतात; परंतु निकाल तहकूब ठेवण्याचाही अधिकार त्यांनाच आहे, आणि तो फार क्वचित वापरला जातो.

आता शेवटी विनिपेगविषयी. १९९२-९३ मध्ये टीमू सेलॅने हा बावीस वर्षांचा फिनिश खेळाडू तेथे आला आणि त्याने पहिल्या हंगामात ७६ गोल व १३२ गुण केले. नवोदिताने केलेल्या गोलांचा माइक बॉसीचा ५३ चा विक्रम त्याने २ मार्च १९९३ रोजी मोडला, तेव्हा हातमोजा हवेत उडवून काठी बंदुकीसारखी त्यावर रोखली. तो गोलांच्या सुकाळाचा हंगाम होता, दुसऱ्या एकानेही तितकेच ७६ गोल केले होते, सेलॅनेचे वयही बावीस होते. वर सांगितलेल्या सर्व सावधगिऱ्या येथे लागू पडतात. दुसऱ्या हंगामात त्याच्या टाचेची शीर तुटली आणि तो २५ गोलांवर थांबला. पुढे इतकी वर्षे खेळूनही एका हंगामात ५२ हून अधिक गोल त्याने कधी केले नाहीत. केवळ पहिल्या वर्षाच्या मापाने मोजले तर ६८४ गोलांची, २००७ च्या अजिंक्यपदाची ती सारी कारकीर्द म्हणजे एक दीर्घ उतार ठरेल. विनिपेगच्या चाहत्यांनी ते माप कधी हाती धरले नाही. १९९६ च्या फेब्रुवारीत संघाने त्याला अनाहाइमला दिले, आणि त्याच वर्षी संघही गाव सोडून फिनिक्सला गेला. पंधरा वर्षे त्या शहरात या लीगची हॉकी नव्हती. २०११ मध्ये अटलांटाचा संघ तेथे आला, आणि १७ डिसेंबरला प्रतिपक्षाच्या पोशाखात, एकेचाळीस वर्षांचा सेलॅने पुन्हा विनिपेगच्या बर्फावर उतरला, तेव्हा सारे सभागृह उठून उभे राहिले व टाळ्या वाजवीत राहिले.